घरचा व्हिडिओ-गाण्यांचा साठा: परवडणारी हार्ड डिस्क कोणती, केवढी आणि कशी जोडायची?

गाठोडे:
घरातला सगळा साठा एका जागी आणायचा आहे. एकेक तासाच्या ४० मिनी-डीव्ही कॅसेटी, लग्नामुंजींच्या ७० व्हीसीडी, ५० डीव्हीडी, २०० ऑडिओ सीडी आणि दोन मोबाइलमधले मिळून सध्या ६०० जीबी फोटो-व्हिडिओ. भरायचे विंडोज लॅपटॉपवरून, बघायचे दिवाणखान्यातल्या अँड्रॉइड टीव्हीवर. एक दुकानदार १ टीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपांची डिस्क) घ्या म्हणतो, दुसरा ८ टीबीची मोठी डिस्क सुचवतो. वेगळा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचे डिस्कचे यंत्र) घेण्याइतके पैसे नाहीत. नेमके काय घ्यावे?

सह्यकडा:
आधी बेरीज करू, मग दुकानात जाऊ.

मिनी-डीव्ही कॅसेट फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरवली तर तासाला साधारण १३ जीबी. ४० तासांचे ५२० जीबी. व्हीसीडी जास्तीत जास्त ८०० एमबी धरा, ७० चे ५६ जीबी. एकपदरी डीव्हीडी ४.७ जीबी, ५० चे २३५. ऑडिओ सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबलेली फाइल) सरासरी ३०० ते ३५० एमबी, म्हणजे २०० च्या ६० ते ७० जीबी. त्यात मोबाइलचे ६००. सगळे मिळून दीड टीबीच्या आत-बाहेर.

आता पुढची वाढ. मोबाइलवर फोर-के, ३० फ्रेम, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) असे चित्रण केले की मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, तासाला १० जीबी. वर्षाला २५ तास चित्रण धरले तर २५० जीबी. पाच वर्षांनी एकूण पावणेतीन टीबी. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसेल, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. डिस्क गच्च भरू नये, १०-१५ टक्के मोकळी ठेवावी. ते धरूनही ४ टीबी पुरते.

म्हणून १ टीबी आज अपुरी आहे आणि ८ टीबीची गरज नाही. ८ टीबीच्या पैशात ४ टीबीच्या दोन घ्या आणि दोन्हींवर सगळे ठेवा. एकाच डिस्कवरचा साठा कितीही महाग डिस्कवर असला तरी तो एका धक्क्यात जातो. मिनी-डीव्हीच्या कॅसेटी तर पुन्हा उतरवायच्या म्हटल्या तरी चालता कॅमेरा मिळेलच असे नाही. माझ्या मते या धाग्यात ठरवण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. ब्रँड, वेग, रंग हे सगळे त्यानंतर.

रातकिडा:
अनुमोदन. पण एसएसडीला इतक्या लवकर बाद करू नका. पडली तरी काही होत नाही, आवाज नाही, टीव्हीच्या यूएसबीवर कुरकुर न करता चालते.

सह्यकडा:
हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण इथे वेगाचे पैसे भरून वेग वापरलाच जाणार नाही. फोर-के ब्लू-रे तबकडीचा कमाल दर सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी. मिनी-डीव्हीचा ३.६ एमबी. जुन्या यूएसबी २.० मधूनही प्रत्यक्षात ३० ते ३५ एमबी निघतात. साधी अडीच इंची फिरती डिस्क बाहेरच्या कडेला १०० ते १३० एमबी देते, आतल्या भागात त्याच्या निम्म्याने. बघण्यासाठी यातले सगळेच पुरून उरते.

शिवाय स्वस्त मोठ्या एसएसडी बहुधा क्यूएलसी चिपच्या (जास्त दाटीने साठवणाऱ्या) असतात. सुरुवातीचा थोडा भाग झपाट्याने लिहिला जातो, तो संपला की मोठ्या कॉपीत वेग फिरत्या डिस्कच्याही खाली येऊ शकतो. आणि कपाटात बंद ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी योग्य नाही. जेडेक या संस्थेचे घरगुती एसएसडीसाठीचे मानक असे आहे की लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झालेली एसएसडी वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवू शकली पाहिजे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकवते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावरचे तापमान ३० च्या कितीतरी वर जाते.

रातकिडा:
मान्य. मग एवढेच म्हणतो की लॅपटॉपवर व्हिडिओ कापाकापी करायची असेल तर ५०० जीबीची छोटी एसएसडी कामापुरती असावी. साठा फिरत्या डिस्कवर.

विद्युत_१२:
आता डिस्कचा प्रकार. ४ टीबीत दोन पर्याय आहेत.

अडीच इंची पोर्टेबल: यूएसबीच्याच विजेवर चालते, वेगळा अडॅप्टर नको. जागा कमी, टीव्हीमागे राहते.

साडेतीन इंची डेस्कटॉप: १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, वजनदार, पडली तर संपली. पण मोठ्या आकारात दर टीबीला स्वस्त, आणि वेग जास्त.

भाव आठवड्याला बदलतात, म्हणून रुपये लिहीत नाही. हिशेब असा करा: किंमत भागिले टीबी, आणि साडेतीन इंचीच्या नुसत्या डिस्कच्या किमतीत खोके (डिस्क बसवून यूएसबीने जोडायचे कवच) व अडॅप्टर धरा. ४ टीबीपर्यंत दोन्हींचा दर बहुधा जवळजवळ येतो आणि पोर्टेबलची सोय जिंकते. ८ टीबीच्या पुढे साडेतीन इंचीला पर्यायच नाही, कारण पोर्टेबल डिस्क ५-६ टीबीला येऊन थांबल्या आहेत.

पोर्टेबल घेताना एक गोष्ट बघा, जी वेष्टनावर लिहिलेली नसते. काही मालिकांत आत नेहमीची साटा (संगणकाच्या आत जोडतात ती) डिस्क आणि वर छोटा यूएसबी बोर्ड असतो. काहींत, उदाहरणार्थ डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) माय पासपोर्टमध्ये, यूएसबीचे तोंड डिस्कच्या मुख्य बोर्डावरच बसवलेले असते. पहिल्या प्रकारात तोंड तुटले तर डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात टाकता येते. दुसऱ्यात ते जमत नाही, आणि माय पासपोर्टचा बोर्ड पासवर्ड लावला नसला तरी माहिती कूटबद्ध करूनच लिहितो, त्यामुळे बोर्ड गेला की काम थेट रिकव्हरीवाल्याकडे जाते आणि तेही महाग पडते. डिस्क वाईट आहे असे नाही. तोंडाची काळजी जास्त घ्यायची आणि दुसरी प्रत ठेवायची, एवढेच.

ते चपटे रुंद तोंड, मायक्रो-बी ३.०, हीच पोर्टेबलची सर्वात कमकुवत जागा आहे. टीव्हीमागे डिस्क केबलला लोंबकळत ठेवू नका. टीव्हीच्या स्टँडला वेल्क्रोपट्टीने बांधा आणि केबलला बोटभर सैल वळण द्या.

मोरपंख:
दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नयेत असे वाचले आहे. ते बरोबर का?

विद्युत_१२:
बरोबर. एका बॅचमधला दोष दोन्हींत सारखाच असू शकतो, आणि कुरियरने एकत्र आलेल्या डिस्कना आपटही एकत्रच बसते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या तर उत्तम. फिरत्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नावे दिसली तरी आत यांच्यापैकीच एक.

गाठोडे:
एका ठिकाणी एसएमआर टाळा असे लिहिले होते. ते काय आणि पोर्टेबलमध्ये टाळता येते का?

सह्यकडा:
एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्या पुढच्याही नव्याने लिहाव्या लागतात. म्हणून आलेली माहिती डिस्क आधी एका राखीव भागात घेते आणि रिकाम्या वेळात मूळ जागी लावते. तो भाग भरला की कॉपीचा वेग १०० वरून १०-३० एमबीवर आदळतो. वाचताना मात्र फरक जाणवत नाही.

मोठ्या क्षमतेच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक सगळ्या एसएमआरच असतात, तिथे टाळणे कठीण. साडेतीन इंचीत सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली) मिळते. पण मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत ताडून घ्या, कारण डब्ल्यूडीच्या 'रेड' (लाल) सारख्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेतही एसएमआर निघाल्यावर २०२० च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना कोणती डिस्क कशी आहे ते उघड करावे लागले. त्यानंतर डब्ल्यूडीने सीएमआरवाली मालिका 'रेड प्लस' नावाने वेगळी काढली.

तुमच्या वापराला एसएमआर चालते. एकदा भरायचे, नंतर वाचायचे. पहिली भरणी २००-३०० जीबीच्या टप्प्यांत करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर डिस्क जोडलेली ठेवून तासभर तशीच सोडा. कॉपी संपल्यावरही आतून खरखर ऐकू येत असेल तर ती लावालावच चालू असते, तेव्हा केबल ओढू नका. अनेक डिस्क मिळून एक करायच्या असतील (त्याला रेड, झेडएफएस वगैरे म्हणतात; वरच्या 'रेड' नावाशी संबंध नाही) तरच एसएमआर वर्ज्य.

नाथसागर:
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही सीसीटीव्ही दुकानात सर्व्हेलन्स डिस्क सहज मिळतात. सीगेट स्कायहॉक, डब्ल्यूडी पर्पल. त्या खोक्यात टाकून वापरल्या तर?

विद्युत_१२:
चांगला पर्याय आहे, लहान गावांतही मिळतो हे विशेष. "या डिस्क चुका दुर्लक्षून पुढे जातात, म्हणून घरी नकोत" हे अर्धवट ऐकलेले आहे. ती सवलत रेकॉर्डरने खास स्ट्रीमिंग आज्ञा दिल्या तरच लागू होते. यूएसबीच्या खोक्यात ती साधी डिस्क म्हणूनच चालते. चोवीस तास फिरण्यासाठी बांधलेली असते आणि वॉरंटी बहुधा तीन वर्षांची. इथेही मॉडेल क्रमांक ताडायचा.

खोके घेताना: साडेतीन इंचीसाठी १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर सोबत असलेले, यूएएसपी (यूएसबीवरून जलद देवाणघेवाणीची पद्धत) आधार लिहिलेले आणि किती टीबीपर्यंत चालते ते स्पष्ट छापलेले. जुन्या स्वस्त खोक्यांना २ टीबीच्या पुढचे दिसत नाही. काही खोकी ही मर्यादा ओलांडायला डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा भासवतात. तशा खोक्यात भरलेली डिस्क नंतर दुसऱ्या खोक्यात किंवा थेट साटावर लावली की रिकामी दिसते. डिस्क गेलेली नसते, खोक्याचा हिशेब वेगळा असतो. अशा वेळी विंडोजने विचारलेल्या 'फॉरमॅट'ला होकार देऊ नका, जुन्याच खोक्यातून माहिती काढून घ्या.

दोन खणांची, आतल्या आत रेड करणारी स्वस्त खोकी तर घेऊच नका. खोके गेले की दोन्ही डिस्क बहुधा त्याच जातीच्या खोक्यातच उघडतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे आहेच. एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या रेडमध्ये एका डिस्कवर चुकून काही पुसले की दुसरीवर ते त्याच क्षणी पुसले जाते.

मोरपंख:
आणि ऑनलाइन त्या '१६ टीबी एसएसडी' अगदी थोड्या पैशात दिसतात त्या?

नाथसागर:
बनावट. आत छोटे मेमरी कार्ड असते आणि कंट्रोलर संगणकाला १६ टीबी सांगतो. कॉपी शेवटपर्यंत 'यशस्वी' होते, फाइलींची नावेही दिसतात, पण खरी जागा संपल्यानंतरचे सगळे हवेत गेलेले असते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्राम पूर्ण डिस्कवर लिहून परत वाचतात, त्यात लबाडी उघडी पडते.

नूतनीकरण केलेल्या सर्व्हर-डिस्कही स्वस्त मिळतात. त्यात स्मार्टमधले (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) चालू तास पुसून शून्य केलेले असू शकतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे प्रकरण गाजले, ते याचमुळे. सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. स्मार्टसीटीएल या प्रोग्रामच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ती वाचा आणि दोन्ही ठिकाणचे तास जुळतात का पाहा. दुसऱ्या प्रतीसाठी अशी डिस्क चालेल, पहिल्यासाठी नको.

विकत घेताना जीएसटी बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि तो त्याच दिवशी कंपनीच्या वॉरंटी पानावर घालून पाहा. बाहेरच्या देशातून आलेल्या मालाला इथे वॉरंटी नसते, आणि ते परत करण्याच्या मुदतीतच कळलेले बरे.

गाठोडे:
नवी डिस्क हातात आल्यावर तपासणी नेमकी कशी करायची? फॉरमॅट कोणता? टीव्हीचे काही ठरत नाही.

सह्यकडा:
तपासणी पहिल्याच दिवशी सुरू करा, बदलून मिळण्याची मुदत थोडी असते.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा स्मार्टची नोंद दाखवणारा प्रोग्राम उघडा. चालू तास नव्या डिस्कला शून्याच्या जवळ हवेत. चार ओळी टिपून ठेवा: ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (प्रलंबित), सी६ (न वाचता येणारे) आणि सी७ (केबलमधल्या चुका). प्रोग्राम हे आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, सेटिंगमधून दशमान करता येतात. मग एचटूटेस्टडब्ल्यूने पूर्ण डिस्क लिहून-वाचून घ्या. सेकंदाला १०० एमबी धरले तरी ४ टीबी लिहायला ११ तास आणि वाचायला ११ तास, एसएमआरला त्याहून जास्त. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा आणि झोपेचे सेटिंग बंद. डिस्क पालथ्या वाटीवर वगैरे नको, सपाट टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यात. शेवटी त्याच चार ओळी पुन्हा बघा. पहिल्या तिघांपैकी एकही शून्यावरून हलली असेल तर वाद न घालता बदलून घ्या. फक्त सी७ वाढली असेल तर आधी केबल बदला.

फॉरमॅट. फॅट३२ ला एका फाइलची मर्यादा ४ जीबी, तासाभराची डीव्ही फाइल १३ जीबी, म्हणजे तो गेला. राहिले एनटीएफएस आणि एक्सफॅट. एनटीएफएसमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) आहे. वीज गेली किंवा केबल निघाली तर सावरण्याची शक्यता जास्त. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहायचे असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस नुसते वाचतो. तुमच्याकडे मॅक नाही, तर एनटीएफएस.

टीव्हीचे मात्र गृहीत धरू नका. एका पेनड्राइव्हला एनटीएफएस फॉरमॅट करा, त्यात ५ जीबीपेक्षा मोठी एक फाइल, एक एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा प्रकार) आणि देवनागरी नावाची एक फाइल टाका, टीव्हीला लावा. पाच मिनिटांत कळते आणि चार टीबी पुन्हा भरायची वेळ येत नाही. विभाजनाचा प्रकार जीपीटीच निवडा. एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही, आणि तोच पेनड्राइव्ह जीपीटी करूनही एकदा टीव्हीला दाखवा, काही जुन्या टीव्हींना जीपीटी समजत नाही.

कॅसेटवाली:
डिस्कइतकेच महत्त्वाचे म्हणजे तिच्यात काय स्वरूपात भरता.

डीव्हीची १३ जीबीवाली मूळ फाइल जपून ठेवा, ती टाकून छोटी ठेवू नका. पण टीव्हीचा प्लेयर डीव्ही बहुधा चालवत नाही. म्हणून हँडब्रेक या प्रोग्रामने एच.२६४ (टीव्हींना चालणारी पद्धत) ची बघायची प्रत वेगळी करा, डीइंटरलेस चालू ठेवून. नाहीतर हलत्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. तासाला दोन-तीन जीबी होतात. ४० तासांचे १०० जीबी वाढतील, तेवढी जागा हिशेबात आहे.

व्हीसीडीतली खरी चित्रफीत 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल. ती तशीच कॉपी केली तर काही टीव्हींना कळत नाही. एफएफएमपेग या प्रोग्रामने पुन्हा न दाबता फक्त डबा (फाइलचे बाहेरचे आवरण) बदलून एमपीजी करा. डीव्हीडीतल्या एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली जोडत बसू नका, मेकएमकेव्ही त्यांची सलग एमकेव्ही करते, दर्जा जसाच्या तसा.

लग्नाच्या जुन्या व्हीसीडी आधी घ्या, डीव्हीडी नंतर. पावसाळी हवेत बुरशी आणि कागदी लेबलांचा डिंक व्हीसीडीचा चंदेरी थर वरून खातो, आणि सीडीत तो थर अगदी लेबलाखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये असतो म्हणून जरा सुरक्षित. तबकडी अडखळली तर ड्राइव्हचा वेग ४एक्सवर आणा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचणारी तबकडी दुसऱ्याला वाचता येते हे नेहमीचे आहे.

फाइलीचे नाव तारखेने सुरू करा: वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग. टीव्हीवर आपोआप क्रमाने लागते.

गाठोडे:
पेनड्राइव्हची चाचणी केली. टीव्हीला एनटीएफएस आणि जीपीटी दोन्ही चालतात. पण शेजाऱ्यांची पोर्टेबल डिस्क लावून पाहिली तर दर काही सेकंदांनी टिक-टिक होऊन दिसेनाशी होते. लॅपटॉपवर तीच नीट चालते.

विद्युत_१२:
वीज कमी पडते. आधी ती टीव्हीवरून काढा, असे वारंवार चालू-बंद होणे डिस्कच्या डोक्याला मारक आहे.

अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना ५ व्होल्टवर एक अँपिअरच्या आसपास ओढते. यूएसबी २.० चे तोंड नियमाने अर्धा अँपिअर देते, ३.० चे ०.९. टीव्हीला दोन तोंडे असतील तर निळे किंवा 'एचडीडी' लिहिलेले वापरा. नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे घाला, ५ व्होल्ट २ अँपिअर एका डिस्कला पुरे. दोन तोंडांची वाय-केबलही चालते, पण दोन्ही तोंडे टीव्हीलाच लावायची. केबल एक हातापेक्षा लांब नको, पातळ लांब केबलमध्ये व्होल्टेज गळते आणि लक्षण अगदी हेच दिसते.

  

रातकिडा:
टीव्हीऐवजी राउटरच्या यूएसबीला लावली तर? सगळ्या घरात दिसेल.

सह्यकडा:
दिसेल, पण दोन अडचणी. साध्या राउटरचा प्रोसेसर अशक्त असतो, एनटीएफएसवर वेग बेताचाच मिळतो. आणि बरेच जुने राउटर एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची जुनी पद्धत) वरच वाटणी करतात, जे विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मुळात बसवलेलेच नसते. लोक एसएमबी १ पुन्हा चालू करतात. तसे करू नका, ते जुने आणि सुरक्षेत भोके असलेले आहे. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्याला डिस्क जोडा आणि जेलीफिन (घरभर व्हिडिओ पुरवणारा प्रोग्राम) टाका. टीव्हीवर जेलीफिनचे ॲप मिळते. बघायच्या प्रती एच.२६४ असल्या की जुन्या प्रोसेसरला रूपांतर करावे लागत नाही, नुसते पाठवायचे असते. त्याची बॅटरी फुगलेली नाही ना तेवढे बघा.

मोरपंख:
दुसरी प्रत किती दिवसांनी आणि कशाने घ्यायची? दोन्ही डिस्क कायम जोडून ठेवल्या तर आपोआप होईल ना?

नाथसागर:
कायम जोडून ठेवू नका. विजेचा झटका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस), चुकीचे डिलीट हे तिन्ही जोडलेल्या सगळ्या डिस्कवर एकदम पोचतात. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करून काढायची. नवे लग्न किंवा प्रवास झाला की लगेच.

विंडोजमध्येच रोबोकॉपी ही कॉपी करायची आज्ञा आहे. दोन गोष्टी जपा. एक, तिचा मूळ स्वभाव असा की वाचता न आलेल्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करायचे, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका खराब फाइलपायी हिशेबाने ३४७ दिवस. म्हणून 'आर' (किती वेळा प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' (किती सेकंद थांबायचे) हे दोन्ही पर्याय १ वर ठेवा आणि 'लॉग' चालू करा, कोणती फाइल राहिली ते त्यात दिसते. दोन, 'एमआयआर' पर्याय वापरू नका. तो मूळ डिस्कवर नसलेले प्रतीवरूनही पुसतो. ड्राइव्हची अक्षरे उलटी पडली तर भरलेली डिस्क रिकामीसारखी होते. साधा 'ई' (आतल्या फोल्डरांसह कॉपी) पुरे. आज्ञा नको असतील तर फ्रीफाइलसिंक या प्रोग्राममध्ये 'अपडेट' निवडा आणि पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवायचे सेटिंग लावा.

वर्षातून एकदा दोन्ही डिस्कवरच्या फाइलींच्या शा-२५६ खुणा (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून ताडून बघा. त्या निमित्ताने बंद डिस्क पूर्ण वाचलीही जाते.

पानशेत:
साठवणीबद्दल. दुसरी डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे. कोकणात, गोव्यात, मुंबईत हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची २०-२५ ग्रॅमची पुडी. नारिंगी जेल हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास सुकवून परत वापरा. डिस्कच्या धातूच्या झाकणावर बारीक भोक असते, ते हवेसाठी आहे. त्यावर चिकटपट्टी लावू नका. थंड जागेतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नका, काही तास तशीच ठेवा म्हणजे आत दव धरत नाही.

साडेतीन इंचीवाल्यांनी विजेकडे जास्त बघावे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा स्विच असतो, तो 'यूपीएस'वर हवा. राउटरसाठीच्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर डिस्क टाकू नका. फिरायला सुरुवात करताना ती १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, आणि त्याच यूपीएसवर राउटरही असला तर दोघेही बसतात.

गाठोडे:
ठरले असे: मुख्य म्हणून ४ टीबी पोर्टेबल, टीव्हीला अडॅप्टरवाल्या हबमधून. दुसरी प्रत म्हणून ४ टीबी सर्व्हेलन्स डिस्क, सीएमआर, १२ व्होल्टच्या खोक्यात, वेगळ्या कंपनीची. एक शंका उरली. घरात लॅपटॉपचा जुना अडॅप्टर आहे, त्याची पिन खोक्यात बसेल. तो चालेल का?

विद्युत_१२:
अजिबात नको. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा असतो, खोके १२ चे. पिन बसते म्हणून लोक लावतात आणि क्षणात डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड जळतो. खोक्यासोबतचाच अडॅप्टर वापरा. तो बिघडला तर १२ व्होल्ट, किमान २ अँपिअर, मधली पिन धन, आणि पिनचा व्यास खोक्यावरच्या आकड्याशी जुळणारा. बहुधा ५.५ बाय २.१ मिमी असतो, पण २.५ मिमीचाही दिसायला सारखाच, तो सैल बसून मधेच तुटतो. आज घरी आल्यावर पहिले काम म्हणजे अडॅप्टरवर पांढऱ्या पट्टीने 'डिस्क १२ व्होल्ट' लिहा आणि खोक्यावरही तेच.